जिनिंगची फॉक्सप्रो सिस्टीम, चार वजनकाटे आणि "सगळं क्लाउडवर न्या" असा प्रस्ताव, सुरुवात कुठून करू?

कपाशीवाला_जळगाव

राम राम मंडळी. जळगावच्या एका जिनिंग-प्रेसिंग ग्रुपचं आयटी मी बघतो. धरणगाव, चोपडा आणि शहाद्याला जिनिंग आहेत, सरकीची तेलमिल आणि ऑफिस इथं एमआयडीसीत, चारही ठिकाणी वजनकाटा. कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोमधलं, नव्वदच्या दशकातलं, पण कामाला पक्कं. गाडी आली की भरलेलं वजन, मग ग्रेडर ओलावा बघून भाव लावतो, गाडी रिकामी झाली की परत वजन, काटापट्टी निघते, तिच्यावरून हिशोबपट्टी आणि शेतकऱ्याच्या खात्यात पैसे. लेखा आणि गोदामाचा स्टॉक मात्र मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ या डेटाबेसवर आहे आणि तो चालतो विंडोज सर्व्हर २०१२ वर.

या दोघांचं एकमेकांशी काही बोलणं नाही. रोज संध्याकाळी प्रत्येक जिनिंगवरून डीबीएफ फाइली (फॉक्सप्रोचे डेटाचे तक्ते) झिप होऊन मेलवर येतात, त्या मी इथं जोडतो, मग लेख्यात चढतात. गाठींचं बिल अकाउंटंट एकदा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये करतो आणि परत तेच जीएसटीच्या ई-इनव्हॉइस पोर्टलवर हातानं टाकतो. सीझनमध्ये रात्रीचे दहा-अकरा वाजतात त्याला, लहान लेकरं आहेत घरी.

आता मोठ्या शेठचा मुलगा शिकून कामात आलाय, हुशार आहे, मनापासून बदल करू पाहतोय. त्यानं एका कन्सल्टंटकडून प्रस्ताव मागवला. त्यात सगळं क्लाउडवर, कुबरनेटिस (बऱ्याच मशीनवर कामं वाटून चालवणारं सॉफ्टवेअर), सगळ्याचे मायक्रोसर्व्हिस (एका सॉफ्टवेअरचे छोटे सुटे प्रोग्राम), फॉक्सप्रो बंद, आणि दसऱ्याच्या आत सुरू. शेठ मला विचारताहेत, तू काय म्हणतोस. मला तीन गोष्टी कळायला पाहिजेत: फॉक्सप्रो कंटेनरमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) टाकता येतं का, क्लाउडवर गेलो आणि चोपड्याचं नेट गेलं तर गेटवरच्या गाड्यांचं काय, आणि एवढ्या सगळ्यात आधी हात कशाला लावायचा. सीझन आता संपत आलाय, पावसाळाभर वेळ आहे.

तापीकाठ

राम राम भो. मी मूळ यावलचा, पुण्यात प्लॅटफॉर्म टीमला आहे, दिवसभर कुबरनेटिसच चालवतो, आणि तरी सांगतो की तुला ते नको. २०१४ ला गूगलनं ते खुलं केलं, ते ढीगभर मशीनवर शेकडो कामं वाटायची असतात त्या लोकांसाठी. वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि एकेका आवृत्तीला १४ महिन्यांच्या आसपास दुरुस्त्या मिळतात, म्हणजे अपग्रेड कायमचं मागे लागतं आणि ते तुझ्या एकट्याच्या अंगावर पडणार. अ‍ॅमेझॉनकडून चालवून घेतलं तरी नुसत्या क्लस्टरचेच तासाला १० सेंट, महिन्याला ७० डॉलरच्या वर, त्यात तुझं एक काम अजून चाललेलं नाही.

फॉक्सप्रोचं म्हणशील तर कंटेनरमध्ये नाही जाणार. विंडोजचे कंटेनर असतात पण त्यात स्क्रीन उघडणारं डेस्कटॉप सॉफ्टवेअर चालवायची सोय नाही, आणि लिनक्सच्या कंटेनरचा तर विषयच नको. त्याची जागा व्हीएममध्ये, म्हणजे एका मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या दुसऱ्या मशीनमध्ये. जुनी मशीन डिस्कसकट उचलून व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर टाकून ठेव, त्याच कामाचं व्हीएमवेअर नको म्हणतो कारण ब्रॉडकॉमनं २०२३ ला ती कंपनी घेतली आणि कायमचे लायसन्स विकणं बंदच झालं. व्हीएम झाली की हार्डवेअर मेलं तरी सॉफ्टवेअर मरत नाही, हे एक काम झालं तरी तुझी अर्धी काळजी जाईल.

मग कंटेनर कशासाठी, तर जे नवीन लिहिशील त्याच्यासाठी. डीबीएफ वाचून नवीन पट्ट्या उचलणारा एक छोटा प्रोग्राम, बिलाची जेसॉन फाइल (पोर्टलला वाचता येणारी मांडणी) करून ई-इनव्हॉइसला पाठवणारा एक, शेठला मोबाइलवर चारही गेटची आवक दाखवणारा एक. हे सगळं डॉकर कंपोजच्या (कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचंच साधन) एका फाइलवर एका लिनक्स मशीनवर आरामात चालतं, आणि उद्या वाढलंच तर तेच कंटेनर उचलून दुसरीकडे नेता येतात, काही वाया जात नाही. एक आठवणीनं कर, डॉकरचे लॉग (चालू कामाच्या नोंदी) आपोआप कापले जात नाहीत, साइजची मर्यादा स्वतः लावावी लागते, नाहीतर ऐन दिवाळीच्या आवकेत डिस्क भरून मशीन बसेल.

जुनं चालू ठेवून त्याच्याभोवती हळूहळू नवीन उभं करायचं, या पद्धतीला सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरनं २००४ ला एका झाडावरून नाव दिलं होतं, ऑस्ट्रेलियात त्यानं पाहिलेलं, आपल्या वड-पिंपळाच्या भाऊबंदातलं. पाखरानं टाकलेलं बी दुसऱ्या झाडाच्या खोडात रुजतं आणि मुळं जमिनीला लागेपर्यंत जुनं झाडच त्याला धरून ठेवतं. तुझ्या प्रस्तावात जुनं झाड दसऱ्याआधीच तोडायचं लिहिलंय, मला भीती त्याची वाटते.

पांझराकाठ_धुळे

दादा, मी धुळ्याला एका दूध संघात याच कामावर आहे, गावोगावची संकलन केंद्रं आणि त्यांचे काटे, त्यामुळे तुमचा नेटचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला. कन्सल्टंटला पहिला प्रश्न हाच विचारा की नेट नसताना गेटवर पट्टी निघेल का, आणि "नेट जाणार नाही, दोन लाइन घेऊ" असं उत्तर आलं तर तिथंच थांबा. रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला की फायबर तुटतोच, आणि वादळात वीज गेली की टॉवरही थोड्या वेळानं झोपतो. शेतकरी रात्रभर गाडी हाकून आलेला असतो हो, त्याला नेट नाही म्हणून उभं करायचं हे मला पटत नाही.

आमच्याकडे नियम एकच, पट्टी आधी गेटवरच्या मशीनमध्ये लिहायची, छापायची, आणि मग ती रांगेत टाकायची. नेट असेल तर लगेच जाते, नसेल तर थांबते आणि आल्यावर क्रमानं जाते. याच्यात एक गाठ आहे ती नीट बांधा. पाठवताना मधेच लाइन तुटली तर पट्टी तिकडे पोचली की नाही ते गेटला कळत नाही, म्हणून ते परत पाठवतं, आणि तिकडे जर तीच पट्टी दोनदा धरली गेली तर शेतकऱ्याला दोनदा पैसे जातील. त्यामुळे गेटचा कोड, वर्ष आणि पट्टी नंबर मिळून एक ओळख करा आणि डेटाबेसलाच सांगा की ही ओळख दुसऱ्यांदा आली तर घ्यायची नाही. तुमच्या फॉक्सप्रोत चारही गेटवर पट्टी १ पासूनच सुरू होत असणार, बघा, बहुतेक ठिकाणी तसंच असतं.

काट्याचं सांगते. वजन दाखवणाऱ्या डब्याला मागे सीरियल पोर्ट असतो, त्यातून आकडा बाहेर येतच असतो, तो फक्त वाचायचा. डबा उघडायचा नाही, त्यात काही बसवायचं नाही, वैधमापन विभागाचा शिक्का असतो त्याला आणि दरवर्षी पडताळणी होते. सीरियलचं नेटवर्क करणारं छोटं यंत्र मिळतं ते लावलं की काम भागतं. पण गाडी काट्यावर हलत असतानाचा आकडा उचलला जाऊ नये, आकडा काही सेकंद एकसारखा राहिला तरच घ्या.

ऑटोमेशन म्हणाल तर मी सुरुवात अ‍ॅन्सिबलनं (लिहून ठेवल्याप्रमाणे मशीन तयार करणारं साधन) केली आणि ती सगळ्यात उपयोगी पडली. गेटच्या मशीनवर काय काय लागतं, कोणता प्रिंटर, कोणता पोर्ट, घड्याळ कुठून जुळवायचं, बॅकअप कुठं जायचा, हे सगळं फाइलीत लिहून गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल जपणाऱ्या साठ्यात, ठेवलं, आणि त्या मशीनवर वेगळा एजंट पण टाकावा लागत नाही, लिनक्स असेल तर एसएसएचवरून (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी) होतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, गेटच्या पत्र्याच्या खोलीत मशीन जळतातच, आता नवीन मशीन नेली, लाइन जोडली, कमांड दिली की चहा होईपर्यंत गेट उभं. आधी हेच काम एका माणसाच्या डोक्यात होतं आणि तो सुट्टीवर असला की सगळे फोन हातात घेऊन बसायचे.

मोकळं_मत

एवढं सगळं कशाला, सरळ बाजारातलं तयार ईआरपी घ्या, महिन्याचं भाडं भरा आणि मोकळे व्हा. आपण जिनिंग चालवायची की सॉफ्टवेअर कंपनी? डीबीएफ, रांगा, कंटेनर, हे सांभाळणारा माणूस उद्या नोकरी सोडून पुण्याला गेला तर शेठ काय करतील?

कपाशीवाला_जळगाव

मोकळं_मत भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न बरोबर आहे आणि शेठनी पण तोच विचारला. लेखा आणि बिलिंगसाठी तयार सॉफ्टवेअर घ्यायला माझी ना नाही. पण खरेदीचं तसं नाही हो, एका गाडीत दोघा भावांचा कापूस येतो आणि त्याची पट्टी फोडावी लागते, ओलाव्याची कटती प्रत्येक जिनिंगला वेगळ्या पद्धतीनं लागते, उचल दिलेली असते ती वळती करावी लागते, हे सगळं त्या जुन्या प्रोग्राममध्ये बसलंय आणि कुठंच लिहून ठेवलेलं नाही. ज्यांनी लिहिलं ते गृहस्थ आता नाहीत. सोर्स कोड आहे पण वाचणारा नाही.

ताई, पट्टी नंबरचं तुम्ही म्हणाल्या तसंच निघालं, चारही ठिकाणी १ पासूनच. आणि अजून एक, पार्टीची नावं मराठीत आहेत, पण फाइल बाहेर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. ते कसं सोडवायचं?

जुना_प्रोग्रामर_भुसावळ

बेटा, फॉक्सप्रो आणि त्याआधी क्लिपर (तसलीच डीबीएफवाली भाषा) यात माझी नोकरीची वर्षं गेली, म्हणून लिहितो.

नावांचं आधी. त्या काळी युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठी अक्षरं साठवायची एकच पद्धत) आपल्याकडे वापरात आलेला नव्हता, मराठी फॉन्टवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवले होते, म्हणून फॉन्ट काढला की खालची चिन्हं दिसतात. फॉन्ट कोणता ते ओळखलं की बदलायचा तक्ता करता येतो, पण नुसती अदलाबदल करून भागत नाही. ते फॉन्ट दिसण्याच्या क्रमानं लिहितात. "निंभोरा" मधली पहिली वेलांटी तिथं न च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती न च्या नंतर यायला पाहिजे. रफाराचं उलटं, जुन्यात तो अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये र आधी. चाचणीसाठी शेदोनशे नावं अशीच काढ, वेलांटीची, रफाराची, जोडाक्षराची, आणि ती गेटवरच्या जुन्या कारकुनाकडून वाचून घे, मशीनवर सोडू नकोस, शेतकऱ्याच्या नावात चूक झाली तर बँकेतून पैसे परत येतात आणि तो माणूस चकरा मारतो. हां, सीडॅकचं जिस्ट कार्ड (संगणकात बसवायचं भारतीय भाषांचं कार्ड) वापरलेलं असेल तर काम सोपं, त्यातली इस्की ही अक्षरं साठवायची पद्धत उच्चाराच्या क्रमाचीच आहे. आणि गावांची यादी पण तपास, जुन्या पार्ट्यांना तालुका एदलाबाद असेल आणि नव्यांना मुक्ताईनगर, एकच तालुका दोनदा मोजला जाईल.

आता डीबीएफ वाचणाऱ्या त्या प्रोग्रामचं. फॉक्सप्रोत रेकॉर्ड डिलीट केलं की ते जात नाही, त्याच्यासमोर फक्त खूण लागते, पॅक कमांड देईपर्यंत ते फाइलीत पडूनच असतं. तुमच्या नवीन प्रोग्रामनं ती खूण बघितली नाही तर वर्षानुवर्षांच्या रद्द पट्ट्या जिवंत होऊन शेठच्या मोबाइलवर दिसतील. लांब शेरे वेगळ्या एफपीटी फाइलीत असतात, ती सोबत घ्यायला विसरू नका. एका टेबलाची मर्यादा २ जीबी आहे, शहाद्याची फाइल किती झाली ते आजच बघ. मायक्रोसॉफ्टचा जो जोडणीचा ड्रायव्हर आहे तो ३२ बिटचाच आहे, ६४ बिटच्या प्रोग्रामातून चालत नाही, यात पोरांचे दिवस वाया जाताना मी बघितले. त्यापेक्षा पायथनमधून सरळ फाइल वाचा, लिनक्सवर पण चालतं, कंटेनरमध्ये पण. पण चालू फाइलीला हात लावू नका, तिची कॉपी करून ती वाचा. फॉक्सप्रोच्या टेबलात बाहेरून लिहायचं तर अजिबात नाही, इंडेक्स (शोधायची यादी) आणि फाइल यांचा मेळ तुटला की हिशोबात पट्टी असते आणि शोधली तर सापडत नाही.

कोड वाचायला कोणी नाही म्हणालास. मला पाठव म्हणणार नाही, तो कंपनीचा आहे, शेठना विचारून मला बोलव, मी जळगावला येतो. कटतीचे नियम कागदावर उतरवल्याशिवाय त्या प्रोग्रामला कोणी हात लावू नये असं मला फार वाटतं, ते नियम म्हणजे शेतकऱ्याशी केलेला व्यवहार आहे.

हिशोब_नंदुरबार

मी ऑडिटच्या बाजूनं बघतो, आणि माझं मत तापीकाठ यांच्यापेक्षा थोडं वेगळं आहे. त्यांच्या नवीन लिहायच्या यादीतलं ई-इनव्हॉइस आधी नाही, आधी लेखा. तुमचा ग्रुप प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लेख्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, हा कंपनी कायद्याच्या नियमातला भाग आहे. जुन्या घरगुती सॉफ्टवेअरमध्ये हे नसतं. त्यात एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ चा आधार जुलै २०१९ ला संपला, विंडोज सर्व्हर २०१२ चा ऑक्टोबर २०२३ ला, म्हणजे सगळ्या ग्रुपचा पैसा ज्या मशीनवर आहे तिला सुरक्षेच्या दुरुस्त्याच येत नाहीत. तिथं मोकळं_मत यांचं ऐका, लेखा तयार सॉफ्टवेअरवर न्या, तेच पुष्कळदा ई-इनव्हॉइस पण करतं. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस लागू आहे आणि १० कोटींच्या वरच्यांना एप्रिल २०२५ पासून बिल ३० दिवसांत पोर्टलवर नोंदवावंच लागतं, त्यामुळे "नंतर टाकू" ही सवय पण मोडायला पाहिजे.

लॉग पण सांभाळा. सर्ट-इननं (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले, १८० दिवसांचे लॉग ठेवायचे, घुसखोरीसारखी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, आणि मशीनची घड्याळं सरकारी वेळेशी जुळलेली पाहिजेत. ताईंनी घड्याळाचा उल्लेख केला तो मला फार आवडला, आमच्याकडे पट्टी दुपारची आणि पेमेंट सकाळचं अशा नोंदी येतात आणि मग त्या समजावून सांगता सांगता नाकी नऊ येतात.

तापीकाठ

हिशोब भाऊ, पटलं, तुमचा क्रम बरोबर आहे, लेखा आधी. कपाशीवाला, त्यात एक भर घाल: जुना सर्व्हर आणि रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडे असतील तर आज संध्याकाळीच बंद कर. चारही गेट आणि ऑफिस वायरगार्डनं (खाजगी नेटवर्क करणारा व्हीपीएन) जोड, फुकट आहे, लिनक्समध्ये २०२० पासून आतच येतं. बॅकअप क्लाउडवर जाऊ दे, अ‍ॅमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे आणि हैदराबादचं २०२२ पासून, दोन्हीकडे एकेक प्रत ठेवली तरी डेटा देशातच राहतो, आणि ती प्रत ठराविक मुदतीपर्यंत कोणालाच पुसता येणार नाही अशी कुलूपबंद कर, तुला पण नाही. तेवढं क्लाउडचं सेटिंग ओपनटोफूच्या (फाइलीतून क्लाउड उभारायचं साधन) फाइलीत लिहून ठेव म्हणजे माणूस बदलला तरी फाइल राहते. मोकळं_मत भाऊंच्या "माणूस गेला तर" या प्रश्नाला माझं उत्तर तेच, जे डोक्यात आहे ते सगळं गिटमध्ये.

कपाशीवाला_जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शेठ आणि त्यांच्या मुलासमोर हे सगळं मांडलं. मुलाला फॉक्सप्रो ठेवायचं हे आवडलं नव्हतं, पण पट्टी दोनदा धरली गेली तर काय होतं ते ऐकल्यावर त्यानंच विचारलं की गेट शेवटी घेऊ का. ठरलं असं की कन्सल्टंटला पूर्ण नाही म्हणायचं नाही, लेख्याचं स्थलांतर आणि क्लाउडवरचा बॅकअप एवढंच काम त्याला द्यायचं. व्हीएम आणि वायरगार्ड मी करणार. गेटची रांग आधी फक्त तेलमिलच्या काट्यावर लावू, तिथं सरकी आणि पेंडीच्या ठरलेल्या गाड्या येतात, शेतकऱ्यांची गर्दी नसते. भुसावळच्या काकांना शेठ स्वतः फोन करणार आहेत, नंबर मला निरोपात कळवा.

चोपड्याची मशीन व्हीएमवर न्यायला श्रावणातला कानबाईचा रविवार धरला तर? जिनिंग बंदच असतं.

पांझराकाठ_धुळे

दादा, तो रविवार नको. जिनिंग बंद असतं हे खरं, पण ऑपरेटर, इलेक्ट्रिशियन, कारकून सगळे कानबाईला घरी, सोमवारी विसर्जन, काही अडलं तर फोन उचलायला कोणी नाही, आणि तुम्हाला पण रोटाला घरी राहायचं असेल. त्याच्या आदल्या आठवड्यातला मधला वार घ्या, सकाळी सुरू करा. जुनी मशीन बंद करून तिथंच ठेवा, तिची डिस्क पुसू नका, पहिली आवक नीट पार पडेपर्यंत तरी नाहीच. आणि व्हीएमवर नेल्यावर प्रिंटर आधी तपासा, जुनं फॉक्सप्रो एलपीटी (जुन्या प्रिंटरच्या) पोर्टवर छापायला बघतं, तो पोर्ट व्हीएममध्ये नसतो, नेटवर्क प्रिंटरला नेट यूज कमांडनं एलपीटी १ चं नाव देऊन बघा, आमच्याकडे त्यानंच पट्टी निघाली.